गुडघ्यासाठी ताणणारा सेन्सर करताय? गेज फॅक्टर बाजूला ठेवा, आधी टेप घेऊन कातडी मोजा

इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या तिघांनी विचारलंय: गुडघा बदलायच्या ऑपरेशननंतर पेशंट घरी व्यायाम करतो का आणि गुडघा किती वाकवतो हे कळण्यासाठी अंगावर घालायचा लवचिक स्ट्रेन सेन्सर (किती ताणला गेला ते सांगणारा) करायचाय, पेपर भरपूर वाचले, एकात गेज फॅक्टर (ताणल्यावर सेन्सरचा आकडा किती बदलतो त्याचं माप) २, दुसऱ्यात २०००, आता ग्राफीन घ्यायचं की कार्बन नॅनोट्यूब (दोन्ही कार्बनचेच अतिसूक्ष्म प्रकार) की अजून काही, आणि त्याच सेन्सरवर श्वास नि नाडीपण दाखवता येईल का.

सरळ उत्तर आधी देतो. गुडघ्याला गेज फॅक्टर १-२ रग्गड झाला. २००० वाला सेन्सर गुडघ्यावर लावलात तर पहिल्यांदा खाली बसतानाच त्याचा कारभार आटोपेल. आणि एकाच सेन्सरवर गुडघा, श्वास, नाडी तिन्ही करायचा नाद सोडा, ती तीन वेगळी कामं आहेत. मी बरीच वर्षं हेच करतोय, फिजिओथेरपिस्ट मंडळींच्या शेजारी बसून अंगावर घालायचे सेन्सर बनवणं, आणि माझं ठाम मत झालंय की यातले बहुतेक प्रोजेक्ट मटेरियलमुळे अडत नाहीत, सेन्सर अंगाला कसा धरला, वायर कुठे जोडली आणि ताणून सोडल्यावर तो परत जागेवर येतो का, इथे अडतात.

म्हणून मटेरियल मागवायच्या आधी एक काम करा. तिघांपैकी एकाला हाफ पँटवर उभं करा, पाय सरळ. गुडघ्याच्या वाटीच्या वर एक आणि खाली एक असं बॉलपेनने टिंब काढा, दोन्हीत बरोब्बर १० सेमी. शिंप्याकडे असते ती कापडी टेप घ्या, स्टीलची नको. आता त्याला खुर्चीवर बसवा, गुडघा काटकोनात, आणि टेप कातडीला लागून धरून परत मोजा. साधारण १३ सेमीच्या आसपास जाईल, माणसामाणसाप्रमाणे कमीजास्त. म्हणजे ३० टक्के ताण झाला ना, झालं, हीच तुमच्या सेन्सरची रेंज. उकिडवं बसवलं तर अजून वाढेल. आपल्याकडे हे लक्षात ठेवावं लागतं कारण भारतीय पद्धतीच्या संडासात किंवा जमिनीवर बसताना गुडघा १३० अंशांच्याही पुढे जातो, ऑपरेशन झालेल्या पेशंटला डॉक्टर बहुतेक वेळा तसं बसू देत नाहीत पण तुमची टेस्टिंग तुम्ही एकमेकांवरच करणार, आणि कोणीतरी सवयीने बसतंच. मग तीच दोन टिंबं मांडीवर वर काढून बघा, तिथे अंतर फारसं हलत नाही. हा फरक पुढे वायर नेताना उपयोगी पडणार आहे, तेव्हा आकडे वहीत लिहून ठेवा.

आता दुसऱ्या टोकाला मनगटावरची नाडी. तिथे कातडीवर येणारा ताण एक टक्क्यापेक्षाही कमी. म्हणजे गुडघ्याच्या आणि नाडीच्या सिग्नलमध्ये काही दहापट ते शंभरपट फरक, एक सेन्सर दोन्हीकडे चांगला चालेल ही अपेक्षाच चुकीची. नेहमीची धातूची फॉइल गेज, पूल आणि मशीनवर लावतात ती, तिचा गेज फॅक्टर २ च्या आसपास असतो आणि ती दोनचार टक्क्यांच्या पुढे ताणली की गेली, म्हणूनच तर ही सगळी लवचिक सेन्सरची भानगड सुरू झाली.

गेज फॅक्टर म्हणजे रेझिस्टन्समध्ये झालेला टक्केवारीतला बदल भागिले ताण, एवढंच. हिशोब करून बघू. समजा सेन्सर १ किलोओहमचा आहे, गेज फॅक्टर २, ताण ३० टक्के. रेझिस्टन्स ६० टक्के वाढला, १.६ किलोओहम झाला. वर १ किलोओहमचा साधा रेझिस्टर, ५ व्होल्ट, साधा व्होल्टेज डिव्हायडर. पाय सरळ असताना २.५ व्होल्ट, काटकोनात ३.०८ व्होल्ट. अर्डुइनो उनो बोर्डाचा १० बिटचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) घेतला तरी मध्ये सुमारे ११८ पायऱ्या मिळतात, ९० अंशांना ११८ पायऱ्या म्हणजे एका पायरीला पाऊण अंश. फिजिओ हातातल्या गोनिओमीटरने (कोन मोजायची पट्टी) मोजतात तेव्हा दोन माणसांच्या रीडिंगमध्ये यापेक्षा जास्त फरक पडतो. मग २००० कशाला हवाय? एडीएस१११५ सारखा १६ बिटचा एडीसी लावला तर प्रश्नच मिटला, फक्त ईएसपी३२ बोर्डाच्या आतल्या एडीसीवर विसंबू नका, तो दोन्ही टोकांना सरळ रेषेत चालत नाही.

तो २००० चा आकडा कुठून येतो तेही बघा. २०१४ मध्ये सोलच्या गटाने 'नेचर'मध्ये कोळ्याच्या पायावरच्या बारीक फटींवरून सुचलेला सेन्सर दाखवला, मऊ पॉलिमरवर २० नॅनोमीटरचा प्लॅटिनमचा थर, त्याला मुद्दाम पाडलेल्या भेगा, आणि गेज फॅक्टर २००० च्या वर. सुंदर काम आहे. पण ते ० ते २ टक्के ताणापुरतं. पेपरचा सारांश वाचून थांबलं की हे दिसत नाही. उलट २०११ चा जपानच्या एआयएसटी संस्थेतला यामाडा, हाटा वगैरेंचा पेपर काढा, कार्बन नॅनोट्यूबचा, माणसाच्या हालचालीसाठी म्हणून ज्याचा सगळे दाखला देतात, तो २८० टक्क्यांपर्यंत ताणतो आणि त्याचा गेज फॅक्टर ४० टक्के ताणापर्यंत ०.८२ आहे, त्याच्या पुढे ६० टक्क्यांनंतर तर ०.०६. एकापेक्षाही कमी! तरी त्यांनी तो मोज्यात, हातमोज्यात, बँडेजमध्ये घालून हालचाल छान दाखवली. ताणायची क्षमता आणि संवेदनशीलता बहुधा एकमेकांच्या मुळावर येतात, जे वाढवाल त्याच्या बदल्यात दुसरं द्यावं लागतं.

खरा त्रास देतो तो हिस्टेरेसिस, म्हणजे ताण तेवढाच असूनही ताणताना एक आणि सोडताना दुसरा आकडा येणं. तुम्हाला स्वस्तात मिळणारी गोष्ट म्हणजे कार्बन ब्लॅक मिसळलेली काळी रबरी दोरी, ऑनलाइन मिळते, मीटर लावून ताणली की रेझिस्टन्स वाढतो, बघायला मजा येते. आता ती २० टक्के ताणा आणि खिळ्याला अडकवून ठेवा आणि मल्टिमीटरकडे बघत बसा. दोरी हललेली नाही तरी आकडा घसरत राहील, आधी भराभर, मग हळूहळू, काही मिनिटं. सोडलीत तर मूळ आकड्यावर लगेच येणार नाही. याचं कारण असं की रबरात कार्बनचे कण एकमेकांना टेकून रस्ता बनवतात, वारीतल्या गर्दीत लोकांनी हात धरावेत तसे, ताणलं की हात सुटतात, सैल झालं की परत धरले जातात पण त्याच माणसाचा हात मिळतो असं नाही. त्यामुळे वाकवताना ४५ अंशाला एक आकडा आणि सरळ करताना ४५ अंशाला दुसराच. त्यात काही मिश्रणांत सोडताना मध्येच एक छोटा दुसरा उंचवटा येतो, नवखी पोरं त्याला पेशंटची हालचाल समजतात, ती सेन्सरची खोड असते. हिस्टेरेसिस पूर्ण रेंजच्या १० टक्के असेल तर ९० अंशांत ९ अंशांची चूक. पेशंटची आठवडाभरातली सुधारणा कधीकधी तेवढीच असते हो, मग काय मोजलं आपण?

अजून एक, नवीन सेन्सर पहिल्या काही वेळा ताणताना वेगळा वागतो आणि नंतर स्थिरावतो, रबराचा मलिन्स इफेक्ट म्हणतात तो. म्हणून कॅलिब्रेशनच्या आधी त्याला वापरात येणाऱ्या ताणापेक्षा थोडं जास्त असं ५०-१०० वेळा ताणून घ्यायचं.

द्रव धातूचा रस्ता पण आहे. कल्पना जुनी, १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये व्हिटनी यांनी रबरी नळीत पारा भरून ती हातापायाभोवती गुंडाळली आणि त्यांचा आकार रक्तामुळे किती फुगतो ते मोजलं, ते तंत्र रक्तवाहिन्यांच्या तपासणीत पुढे कितीतरी वर्षं चाललं. आता पाऱ्याच्या जागी गॅलियम आणि इंडियमचं मिश्रण वापरतात, ७५-२५ प्रमाणात, साधारण १५-१६ अंश सेल्सिअसला वितळतं. हिस्टेरेसिस फार कमी, द्रवच तो, त्याला काय आठवणी. पण हिशोब करा, २०० मायक्रॉन बाय २०० मायक्रॉनचा चॅनल, १० सेमी लांब, रेझिस्टन्स येतो पाऊण ओहमच्या आत. तुमच्या वायरींचाच तेवढा असतो. मग चार वायरींनी मोजायचं, स्थिर करंट द्यायचा, चांगला अॅम्प्लिफायर लावायचा. आणि गॅलियम अॅल्युमिनियम खातं, एक थेंब लॅपटॉपच्या बॉडीवर नको पडायला. कॉलेजच्या लॅबमध्ये चॅनल नीट भरून, बुडबुडा न राहू देता बंद करणं हे पण सोपं नाही. वेळ असेल तर जरूर करा, पण डेडलाइन मार्चमध्ये असेल तर मी सुचवणार नाही.

गुडघ्यासाठी माझी पसंती कपॅसिटिव्ह. दोन ताणणारे इलेक्ट्रोड, मध्ये सिलिकोन. ताणलं की क्षेत्रफळ वाढतं, जाडी कमी होते, आणि कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) ताणाच्या प्रमाणात सरळ वाढतो, गेज फॅक्टर १, त्याच्यावर नाही, पण सरळ रेषा आणि हिस्टेरेसिस अगदी थोडा. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या स्ट्रेचसेन्सने याच तत्त्वावर सेन्सर बनवून बाजारात आणले.

घरच्या घरी करायचा तर चांदीचा मुलामा दिलेलं ताणणारं निटेड कापड घ्या. निटेडच, विणलेलं नाही; इचलकरंजीच्या मागावर निघतं तसं उभ्याआडव्या धाग्यांचं कापड ताणत नाही, बनियनच्या कापडासारखी फंद्यांची वीण लागते. १० मिमी रुंद, ८० मिमी कामाची लांबी अशा तीन पट्ट्या, मध्ये दोन ठिकाणी १-१ मिमी इकोफ्लेक्स ००-३० सिलिकोन. बाहेरच्या दोन्ही पट्ट्या ग्राउंड, मधली सिग्नल. हे महत्त्वाचं आहे, कारण माणसाचं शरीर स्वतःच एक मोठा इलेक्ट्रोड आहे, उघडा सिग्नल इलेक्ट्रोड ठेवलात तर पेशंटने नुसता हात जवळ आणला तरी आकडा उडेल. या मापाला चाळीसेक पिकोफॅरड येतात, ३० टक्के ताणाला ५२ च्या आसपास. एफडीसी१००४ नावाची चिप आहे, ती १२ पिकोफॅरडचा बदल आरामात वाचते, आणि तिच्यात शील्डची सोय पण आहे.

इकोफ्लेक्सचे दोन भाग समसमान घ्यायचे, नीट ढवळायचं, जमल्यास व्हॅक्यूमखाली बुडबुडे काढायचे, पाऊण तासाच्या आत ओतून मोकळं व्हायचं आणि चार तास हलवायचं नाही. हातात लेटेक्सचे ग्लोव्ह नकोत, त्यातल्या गंधकामुळे प्लॅटिनमवर सेट होणारं सिलिकोन चिकट राहतं, सेटच होत नाही. नायट्राइलचे घाला. साचा थ्रीडी प्रिंटचा चालेल पण पीएलएचा (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक), रेझिन प्रिंटरवरचा असेल तर तीच बोंब. सिलिकोन कापडाच्या फंद्यांमध्ये मुरतं त्यामुळे थर सुटत नाहीत, हा कापडाचा मोठा फायदा, नुसत्या कार्बनच्या थरावर सिलिकोन ओतून सोलून बघा, फरक कळेल.

कोणाला नुसतं चांदीच्या धाग्याचं निटेड कापडच रेझिस्टिव्ह सेन्सर म्हणून वापरायचं असेल तर तेही होतं, फक्त गोंधळू नका, ताणल्यावर रेझिस्टन्स कमी झालेला दिसू शकतो, कारण फंदे एकमेकांना जास्त घट्ट टेकतात. आणि घाम. घाम म्हणजे मिठाचं पाणी, फंद्यांमध्ये शिरला की समांतर रस्ता तयार. एसी लॅबमध्ये टेस्ट केलेला सेन्सर मे महिन्यात मुंबईत किंवा रत्नागिरीत माणसाच्या पायावर चढवला की वेगळंच काहीतरी वाचतो. उघडं चांदीचं कापड थेट कातडीला लावू नकाच, वरून सिलिकोनचा पातळ थर द्या. पण सिलिकोनमधून हवा जात नाही म्हणून सगळा गुडघा त्यात गुंडाळायचा नाही, पट्टी अरुंद ठेवायची.

आता बसवायचं कसं. तुमचा पेशंट गुडघा बदललेला आहे, म्हणजे नेहमीचा टाका कुठे असतो? गुडघ्याच्या बरोब्बर समोर, उभा. म्हणजे जिथे कातडी सगळ्यात छान ताणते नेमकं तिथे तुम्हाला सुरुवातीला काही चिकटवता येणार नाही, आणि जखम भरल्यावरही ती कातडी हुळहुळी असते. शिवाय गुडघा सुजलेला असतो, आणि सूज रोज बदलते, तिच्याबरोबर तुमचा शून्य बदलतो. त्यामुळे चिकटवायचा सेन्सर विसरा, नी-कॅपसारख्या बाहीवर बसवा, जखमेवर बँडेज असताना तर नकोच, फिजिओ आणि सर्जन हो म्हणतील तेव्हाच. पण सेन्सर सगळ्या लांबीभर बाहीला शिवू नका! बाही घसरते, चुण्या पडतात, आणि सेन्सर कातडीऐवजी चुण्या मोजतो. बाहीच्या वरच्या आणि खालच्या कडेला आतून सिलिकोनची पकड असलेला पट्टा लावा, सायकलवाल्यांच्या शॉर्ट्सना मांडीवर असतो तसा, आणि सेन्सरची दोन टोकं फक्त त्या दोन पट्ट्यांना बांधा, मधला भाग बाहीवरच्या बोगद्यासारख्या शिवणीतून मोकळा सरकू दे.

पाय सरळ असताना सेन्सर थोडा ताणलेलाच हवा, ५ ते १० टक्के. सैल बसवला तर शेवटचे काही अंश सरळ होताना तो नुसता फुगा धरतो आणि आकडा बदलतच नाही. इंजिनिअर मंडळींना वाटतं की किती वाकला तेच महत्त्वाचं, पण फिजिओला विचारा, गुडघा पूर्ण सरळ होतोय का याची त्यांना तेवढीच काळजी असते, शेवटचे पाच अंश राहून गेले तर माणूस पुढे लंगडत चालतो. नेमके तेच पाच अंश सैल सेन्सर गिळतो.

वायर. दहापैकी आठ सेन्सर वायरच्या जोडावर मरतात असं मी अंदाजाने म्हणतो, मोजलेलं नाही, पण या धंद्यातला कोणीही मान हलवेल. मऊ ताणणारी गोष्ट कडक तांब्याला जिथे भेटते तिथे सगळा ताण गोळा होतो. कार्बनवर सोल्डर बसत नाही, चांदीची इपॉक्सी सुरुवातीला छान दिसते आणि मग तडकते. माझा उपाय साधा आहे: सेन्सरची कामाची लांबी संपल्यावर दोन्हीकडे १५-२० मिमी कापड जास्त ठेवायचं, त्याच्या मागे न ताणणारा कॅनव्हासचा तुकडा शिवायचा आणि त्या ताण नसलेल्या भागावर टिचबटण मारायचं. ईसीजीच्या इलेक्ट्रोडला असतं तसंच बटण, धुताना इलेक्ट्रॉनिक्स काढून ठेवता येतं हा वरचा फायदा. वायर पुढे मांडीवरून नेताना ती जिथे कातडी ताणत नाही तिथून न्या, मघाशी वहीत लिहिलेले आकडे इथे काढा. १९६४ मध्ये आर्थर इबेरॉल यांनी अवकाशवीरांच्या सूटसाठी अंगावरच्या अशाच न ताणणाऱ्या रेषांचा अभ्यास मांडला होता, आपल्याला तेवढं खोलात जायची गरज नाही, पण कल्पना तीच. उरलेली वायर नागमोडी शिवा, सरळ कधीच नाही.

टेस्टिंगसाठी महागडं यूटीएम (ताणून तपासायचं मशीन) लागत नाही. कॉलेजात जुना थ्रीडी प्रिंटर पडलेला असेल तर त्याच्या एका अक्षाला सेन्सरचं एक टोक बांधा, दुसरं फ्रेमला, आणि जी-कोडने (प्रिंटरला हालचाल सांगायच्या आज्ञा) पुढेमागे करा, दशांश मिलिमीटरपर्यंत नेमकेपणा आयता मिळतो. तीन टेस्ट पुरे: हळू आणि जलद अशा दोन वेगांनी ताणून-सोडून बघा दोन्ही वक्र एकमेकांवर बसतात का, ३० टक्क्यांवर पाच मिनिटं धरून आकडा किती सरकतो, आणि रात्रभर काही हजार वेळा ताणून सकाळी शून्य कुठे आहे. मग सेन्सरवर ०.९ टक्के मिठाचं पाणी शिंपडून परत तेच. रिपोर्टमध्ये गेज फॅक्टरच्या वर हे आकडे छापा, ज्याला कळतं तो हेच आधी शोधतो.

माणसावर घातल्यावर दहा मिनिटं थांबा, सेन्सर खोलीच्या तापमानावरून कातडीच्या तापमानाला येईपर्यंत आकडा सरकत असतो. मग दर वेळी नव्याने कॅलिब्रेट करायचं, कालचं आज चालत नाही कारण बाही रोज त्याच जागी बसत नाही. पाय सरळ एक, गोनिओमीटर लावून एक ठरलेला कोन दुसरा, एवढ्यावर भागतं. सॅम्पलिंग ५० हर्ट्झ, लो-पास फिल्टर (जलद बदल गाळणारा) ५ हर्ट्झच्या आसपास. (हाच फिल्टर उद्या कोणी पार्किन्सनच्या कंपासाठी उचलू नये, तो कंप ४ ते ६ हर्ट्झचा असतो, फिल्टर त्यातलाच बराचसा भाग कापेल.) आणि निकाल दाखवताना कोरिलेशन (दोन आकडे किती बरोबरीने वर-खाली होतात) ०.९८ आलं म्हणून पेढे वाटू नका, सेन्सर सगळीकडे १० अंश जास्त दाखवत असला तरी कोरिलेशन तेवढंच येतं. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हेच सांगितलं होतं, दोन पद्धतींमधला फरक दोन्हींच्या सरासरीसमोर मांडा, मग खरं चित्र दिसतं.

श्वासाचं विचारलंत. ते सोपं आहे, खरं तर गुडघ्याहून सोपं. शांत श्वासात छातीचा घेर साधारण सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी बदलतो, ९० सेमी छातीला म्हणजे जेमतेम एक टक्का. पण सगळा पट्टा ताणणारा घेतलात तर तो एक टक्का सगळीकडे वाटला जातो. त्याऐवजी पट्टा न ताणणाऱ्या कापडी पट्टीचा करा आणि त्यात फक्त १० सेमी सेन्सर टाका, तो सगळा सेंटिमीटर त्या १० सेमीत येतो, १० टक्के ताण, फुकटात दहापट सिग्नल. मिनिटाला १२ ते २० श्वास मोजायचेत, इथे हिस्टेरेसिसची पर्वा कमी कारण आपल्याला फक्त वर-खाली मोजायचंय, अगदी ती काळी रबरी दोरीसुद्धा चालते. माणूस बोलला, खोकला, कुशीवर वळला की काय होतं ते मात्र दाखवा.

नाडीसाठी भेगावाले किंवा ग्राफीनवाले जास्त संवेदनशील सेन्सर खरोखर कामाचे, २०१६ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गटाने खेळण्यातल्या मऊ पुटीत ग्राफीन मिसळून ५०० च्या वर गेज फॅक्टर मिळवला आणि मानेवरची नाडी टिपली. पण मनगटावर सेन्सर किती दाबून बांधला यावर तरंगाचा आकार बदलतो आणि माणसाने बोट हलवलं तरी नाडी बुडते. नुसते ठोके हवेत तर साधं ऑप्टिकल (प्रकाशाने नाडी टिपणारं) मॉड्यूल बरं. आणि त्यावरून ब्लड प्रेशर सांगायच्या फंदात पडू नका, प्लीज.

दोनतीन काळजीच्या गोष्टी पटकन. नॅनोट्यूबची कोरडी पूड उघड्यावर हाताळायची नाही, फ्यूम हूड आणि मास्क असेल तरच, नाहीतर तयार शाई विकत घ्या. सेन्सर अंगावर असताना सर्किट बॅटरीवरच, चार्जर किंवा प्लगमध्ये लावलेला लॅपटॉप जोडलेला नको. पेशंटवर लावायच्या आधी एथिक्स कमिटीची परवानगी आणि लेखी संमती. पुढे विकायचा विचार असेल तर २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स बघा, एप्रिल २०२० पासून अशी सगळीच उपकरणं त्यात आली आहेत आणि उपचारावर लक्ष ठेवणारं म्हणून विकायचं तर सीडीएससीओच्या (औषधं आणि उपकरणांची केंद्रीय नियामक संस्था) दारात जावं लागतं.

राहता राहिला व्हायवातला हमखास प्रश्न, मांडीवर एक आणि नडगीवर एक असे दोन आयएमयू (हालचाल आणि झुकाव मोजणारे छोटे सेन्सर) लावून कोन मिळतो मग हा सगळा उपद्व्याप कशाला. प्रामाणिकपणे सांगायचं तर फक्त कोनच अचूक हवा असेल तर मी पण आधी आयएमयूच घेईन. पण ते दोन कडक डबे दिवसभर कोणी घालत नाही, झोपताना तर नाहीच, वीज जास्त खातात आणि नेमके कुठल्या दिशेने बांधले यावर उत्तर बदलतं. ताणणारी पट्टी बाहीतच शिवलेली असते, पेशंट विसरून जातो, एक छोटी बॅटरी कितीतरी दिवस चालते, आणि आज किती वेळा व्यायाम केला, सगळ्यात जास्त किती वाकला, पूर्ण सरळ झाला का, ही फिजिओला हवी असलेली तीन उत्तरं ती देते. तुम्ही प्रोजेक्टमध्ये दोन्ही लावा, आयएमयू खरं-खोटं तपासायला आणि पट्टी रोज घालायला, आणि दोघांमधला फरक त्या ब्लँड-ऑल्टमनच्या आलेखावर तसाच्या तसा छापा, ६ अंश आला तर ६ अंश.